लोखंडात मुरलेलं पाणी

(दिघोरी, जि. भंडारा येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची छापील संहिता)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांचा मी विद्यार्थी. त्यांच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक लाकडी कपाट होतं. हायड्रोजन तयार करायचा धडा आला, तेव्हा कपाटात जस्ताचा चुरा नव्हता. गुरुजींनी सुताराकडून मूठभर खिळे आणले, काचेच्या पेल्यात टाकले आणि वरून सौम्य गंधकाम्ल ओतलं. खिळ्यांच्या अंगावर मोहरीएवढे बुडबुडे धरले आणि एकेक करून वर निघाले. उपड्या परीक्षानळीत वायू जमला. तोंडाशी जळती काडी नेल्यावर "फट्" असा आवाज झाला, वर्गानं टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर गुरुजींनी विचारलं, "सगळा वायू वरच आला कशावरून? काही खिळ्यात शिरला नसेल?"

आम्ही गप्प राहिलो. गुरुजींनी उत्तर सांगितलं नाही. पुढे मी धातुशास्त्र शिकलो, शिकवलं, निवृत्त झालो, आणि तो प्रश्न सोबत राहिला. आज मी त्याचंच उत्तर घेऊन आलो आहे. ते पेल्यापासून सुरू होतं आणि आपल्या पायाखाली 2,890 किलोमीटरवर जाऊन पोचतं.

आधी पेल्यातलं उत्तर. 1875 मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम जॉन्सन यांनी लोखंडी तार थोडा वेळ आम्लात बुडवून बाहेर काढली आणि वाकवली. एरवी वाकणारी तार कट्कन तुटली. तुटलेलं टोक त्यांनी ओलं केलं, तर त्यातून बारीक बुडबुड्यांचा फेस आला. म्हणजे वायू लोखंडात शिरला होता. हायड्रोजनचा अणू अगदी लहान, तो लोखंडाच्या अणूंमधल्या फटींतून आत जातो. पोलाद बनवणाऱ्यांना या पाहुण्याची फार धास्ती असते. रेल्वेच्या रुळाच्या पोलादात दहा लाख भागांत दोनाहून जास्त भाग हायड्रोजन राहू नये यासाठी वितळलेलं पोलाद निर्वात पात्रात ठेवून वायू ओढून काढतात. एवढासा राहिला तरी पुढे आतल्या आत केसाएवढ्या भेगा पडतात.

साध्या दाबाखाली लोखंड हायड्रोजनला जेमतेम चिमूटभर जागा देतं. दाब वाढवला तर काय होतं, हा पुढचा प्रश्न. 1991 मध्ये अमेरिकेत बॅडिंग, हेमली आणि माओ या तिघांनी लोखंडाचा कण हायड्रोजनमध्ये बुडवून दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये दाबला. दाब हवेच्या सुमारे 35,000 पट झाला आणि तो कण एकदम फुगला. दाबलेली वस्तू आक्रसायला हवी, पण हा कण फुगला, कारण हायड्रोजन आत घुसला होता. एका लोखंडाच्या अणूमागे जवळपास एक हायड्रोजन अणू, आणि आकारमान शुद्ध लोखंडापेक्षा 17 टक्क्यांपर्यंत जास्त. जे लोखंड वर असताना हायड्रोजनला दारात उभं करत नाही, ते खोलात गेल्यावर घर मोकळं करून देतं.

ही जागा कुठे असते, ते आपल्या विदर्भातलं मूल चटकन समजेल. हातगाडीवर रचलेली संत्री डोळ्यांसमोर आणा. खालचा थर, त्याच्या खळग्यांत बसलेला दुसरा थर, त्यावर तिसरा. हा तिसरा थर दोन तऱ्हांनी बसतो. एका तऱ्हेत तो बरोबर पहिल्या थराच्या डोक्यावर येतो, दुसऱ्या तऱ्हेत थोडा सरकून उरलेल्या खळग्यांवर बसतो आणि मग चौथा थर पहिल्यावर येतो. दोन्ही रचनांत संत्री तितकीच घट्ट, पण वळण वेगळं. प्रचंड दाबाखाली लोखंडाचे अणू पहिल्या तऱ्हेनं रचले जातात. लोखंडाच्या हायड्राइडमध्ये, म्हणजे हायड्रोजन सामावलेल्या लोखंडात, दोन्ही तऱ्हा आलटून पालटून येतात. आणि दर संत्र्यामागे मध्ये एक मोठी फट असते, तिच्यात बोराएवढं काहीतरी मावेल. हायड्रोजन बसतो तो तिथे.

आता यात निकेलची गोष्ट येते, कारण आपल्याला जायचं आहे त्या पृथ्वीच्या गाभ्यात नुसतं लोखंड नाही, साधारण 5 टक्के निकेलही आहे. निकेलचा गुण पाहायला हिऱ्यांची गरज नाही. घरी जा आणि स्वयंपाकघरातल्या भांड्यांना चुंबक लावून पाहा. साधा लोखंडी तवा चुंबकाला घट्ट धरेल. चांगल्या स्टीलचा पेला त्याला जवळजवळ विचारणारच नाही. त्या पेल्यात सुमारे 8 टक्के निकेल असतं आणि निकेल अणूंना संत्र्यांच्या दुसऱ्या तऱ्हेनं, सरकत्या थरांनी, रचून ठेवतं. या रचनेच्या पोलादात हायड्रोजन जास्त मावतो, सावकाश फिरतो आणि सहसा साध्या पोलादासारखं त्याला ठिसूळही करत नाही. म्हणून गाभ्याचा विचार करताना लोखंड आणि हायड्रोजन एवढीच जोडी घेऊन भागत नाही, निकेल मांडीला मांडी लावून बसलेलं असतं. लोखंड-निकेलच्या मिश्रधातूवर गेली काही वर्षं मुद्दाम प्रयोग होत आहेत, ते याच कारणानं. शुद्ध लोखंडावरून काढलेला नकाशा निकेल आल्यावर कुठे सरकतो, ते मोजल्याशिवाय गाभ्याबद्दल बोलता येत नाही.

निकेल तिथे आहे हे कशावरून? याचा एक पुरावा विदर्भावर आकाशातून पडला आहे. 22 मे 2012 रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात मोठा आवाज झाला आणि दगड कोसळले. सूर्यमालेच्या जन्मापासूनचा हा दगड. त्याच्या जातीच्या दगडांत सिलिकेट खनिजांच्या मध्येमध्ये लोखंड-निकेलचे चमकते कण असतात. ज्या मसाल्यातून पृथ्वी बनली, त्या मसाल्याचा हा नमुना. 2021 मध्ये आयआयटी खरगपूरचे सुजय घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांना याच काटोलच्या दगडात ब्रिजमनाइट हे खनिज नैसर्गिक अवस्थेत सापडलं. पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात सर्वांत जास्त असलेलं खनिज हेच. अवकाशातल्या टकरीच्या धक्क्यानं त्या दगडात क्षणभर पृथ्वीच्या पोटातला दाब निर्माण झाला आणि हे खनिज तयार झालं. जगातले शास्त्रज्ञ आज काटोलचं नाव घेतात, ते या दगडामुळे.

आता खाली जाऊ. आपण बसलो आहोत त्या भूभागाला भूवैज्ञानिक बस्तर क्रॅटन म्हणतात, भंडारा क्रॅटन हे त्याचंच दुसरं नाव. 300 कोटी वर्षांहून जुने खडक या भूखंडात आहेत. पण खोलीचा विचार केला तर माणसाची मजल फार थोडी. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला आपल्या महाराष्ट्रात सह्याद्रीत सुमारे 3 किलोमीटर खोल विंधनविवर घेतलं. जगातलं सर्वांत खोल विवर रशियात कोला इथे, 12 किलोमीटरच्या थोडं पुढे. गाभा सुरू होतो 2,890 किलोमीटरवर, तिथे दाब हवेच्या 13 लाख पटींहून अधिक. अगदी मध्यावर तो 36 लाख पट होतो आणि तापमान सूर्याच्या पृष्ठभागाइतकं.

तिथे कोणी गेलं नाही, मग कळलं कसं? भूकंपाच्या लहरींनी सांगितलं. रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते. 12 जून 1897 च्या आसामच्या भूकंपाचा त्यांनी बारकाईनं अभ्यास केला, लहरींचे प्रकार ओळखले आणि 1906 मध्ये दाखवून दिलं की पृथ्वीच्या पोटात वेगळा गाभा आहे. 1936 मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी त्या द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गाभा शोधला, तो आतला गाभा घन निघाला. त्याची त्रिज्या सुमारे 1,220 किलोमीटर.

मग आलं वजनाचं कोडं. 1952 मध्ये फ्रान्सिस बर्च यांनी हिशेब मांडला. गाभा लोखंडाचा असेल तर त्या दाबाखाली त्याची घनता जेवढी हवी, तेवढी भरत नाही. बाहेरच्या द्रव गाभ्यात ती 5 ते 10 टक्क्यांनी कमी पडते, आतल्या घन गाभ्यातही थोडी कमी. धानाचं पोतं मापाला कमी भरलं तर आपण आत पोचट दाणे आहेत का ते पाहतो. गाभ्याचं पोतंही कमी भरतंय, म्हणजे लोखंड-निकेलमध्ये काहीतरी हलकं मिसळलेलं आहे. गंधक, सिलिकॉन, ऑक्सिजन, कार्बन आणि हायड्रोजन हे त्याचे पाच दावेदार. बहुधा एकापेक्षा जास्त जण मिळून ही तूट करत असणार, वाद आहे तो कुणाचा वाटा किती याचा.

यात हायड्रोजनचं नाव बराच काळ मागे राहिलं, आणि त्याचं कारण त्याचा स्वभाव. हिऱ्यांमध्ये दाबलेल्या लोखंडात तो शिरतो, पण दाब सोडला की निघूनही जातो. नमुना हातात येतो तेव्हा आत फक्त रिकामे बुडबुडे उरलेले असतात. म्हणून मोजणी दाबाखालीच करावी लागते. लेसरनं नमुना तापवायचा, त्याच वेळी क्ष-किरण सोडायचे आणि अणूंमधलं अंतर किती वाढलं त्यावरून आत किती हायड्रोजन आहे ते काढायचं. त्यात हायड्रोजन हिऱ्यांतही शिरतो आणि हिरे फुटतात. एकेका आकड्यासाठी लोकांनी किती हिरे गमावले असतील! हे उच्च दाबाचं शास्त्र आपल्याकडेही आहे. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातला गट त्यावर कित्येक दशकं काम करतो आहे आणि इंदूरच्या इंडस-2 यंत्रावर दाबाखालच्या नमुन्यांवर क्ष-किरण सोडता येतात. समोर बसलेल्या मुलामुलींनी ही दोन नावं लक्षात ठेवावीत.

आता मी ज्यासाठी आलो त्या मुद्द्यावर येतो. हा हायड्रोजन गाभ्यात गेला कुठून? पाण्यातून.

आपल्या गावच्या लोहाराकडे उभं राहून पाहिलेलं आठवा. भाता चालतो, निखारे फुलतात, नांगराचा फाळ लालभडक होतो. घणाचे घाव पडतात, मग सांडशीनं धरून लोहार तो पाण्यात बुडवतो. चर्रर्र आवाज होतो, वाफ उठते. त्या क्षणी वाफेतलं थोडं पाणी फुटतं. त्यातला ऑक्सिजन लोखंड धरून ठेवतं, हायड्रोजन मोकळा होतो. 1780च्या दशकात फ्रान्समध्ये लाव्हाझिए यांनी लालबुंद तापवलेल्या बंदुकीच्या नळीतून वाफ सोडली आणि पलीकडे हायड्रोजन जमवून दाखवला. पाणी हे मूलद्रव्य नाही, हे त्या नळीनं जगाला पटवलं.

या विदर्भात लोखंड आणि पाण्याची ही गाठ फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यात नैकुंडला शिलावर्तुळांच्या काळातली, अडीच हजार वर्षांहून जुनी, लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात सापडली. तिथल्या लोहारांनीही तापलेलं लोखंड पाण्यात बुडवलं असेल आणि तोच चर्रर्र आवाज ऐकला असेल.

पृथ्वी जन्मली तेव्हा, सुमारे 454 कोटी वर्षांपूर्वी, असंच सगळ्या ग्रहावर चाललं होतं. मोठमोठ्या टकरींनी पृथ्वी वितळली होती, तप्त शिलारसाचा समुद्र शेकडो किलोमीटर खोल होता. त्यात पाणी विरघळलेलं होतं आणि वरून लोखंड-निकेलचे थेंब पावसासारखे खाली जात होते. लोहाराच्या कुंडीत मोकळा झालेला हायड्रोजन हवेत जातो. तिथे तो हवेत गेला नाही, कारण दाब होता. तो थेट लोखंडात शिरला आणि लोखंडासोबत खाली गेला. जपानचे युह फुकाई यांनी 1984 मध्ये लोखंड-पाण्याच्या या प्रक्रियेवरून पृथ्वीचा इतिहास मांडला. 2021 मध्ये टोकियोच्या संशोधकांनी ती प्रक्रिया प्रत्यक्ष घडवून मोजली. दाब हवेच्या 3 ते 6 लाख पट, तापमान सुमारे 2,800 ते 4,300 अंश सेल्सियस. वितळलेला खडक आणि वितळलेलं लोखंड शेजारी ठेवल्यावर हायड्रोजननं लोखंडाची बाजू घेतली. खडकात जेवढा राहिला, त्याच्या किमान 29 पट लोखंडात.

यावरून त्यांनी काढलेला हिशेब आपल्या मापात सांगतो. गाभ्याच्या एका क्विंटल लोखंडात 300 ते 600 ग्रॅम हायड्रोजन. ऐकायला थोडा वाटतो. पण अणू मोजले तर दर 100 लोखंडी अणूंमागे 17 ते 33 हायड्रोजनचे अणू होतात, आणि गाभ्याच्या घनतेतली 30 ते 60 टक्के तूट तेवढ्यानं भरून निघते. पाण्याच्या भाषेत बोलायचं तर पृथ्वीवरच्या सगळ्या महासागरांत मिळून जितका हायड्रोजन आहे, त्याच्या 37 ते 73 पट.

जरा थांबून या आकड्याकडे पाहू. पृथ्वीच्या पाठीवर 71 टक्के पाणी दिसतं, पण वजनानं पाहिलं तर एक क्विंटल पृथ्वीमागे समुद्राचं पाणी फक्त 23 ग्रॅम आहे. आपण तलावांच्या जिल्ह्यातली माणसं. कोहळी बांधवांनी घातलेल्या पाळी, मामा तलाव, बोड्या, त्यातून बांधीत येणारं पाणी, चुलबंद, वैनगंगा, यावर आपलं धान उभं आहे. तलावात दिसतं त्यापेक्षा जास्त पाणी कुठे मुरलं असेल याचा अंदाज या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावा लागत नाही. पृथ्वीचंही तसंच आहे. बोडीत दिसतं ते उरलेलं पाणी, मुरलेलं पाणी लोखंडात आहे.

ते नुसतं पडून आहे असंही नाही. हायड्रोजन मिसळला की लोखंड कित्येकशे अंश कमी तापमानाला वितळतं, म्हणजे गाभा द्रव राहायला मदत होते. पृथ्वी हळूहळू निवते आहे, तसा आतला घन गाभा वाढतो आहे. गोठताना लोखंड आपल्यातला हलका माल बाहेर टाकतं, तो हलका द्रव वर चढतो आणि त्यातून गाभा ढवळला जातो. या ढवळण्यातून पृथ्वीचं चुंबकत्व जन्मतं. आपल्या महाराष्ट्रानं ते चुंबकत्व दीडशे वर्षांहून अधिक काळ मोजलं आहे. मुंबईला कुलाबा वेधशाळेत 1841 पासून मोजणी सुरू झाली. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांनी काटे हलणार, हे ओळखून नानाभाई मूस यांनी वेधशाळा अलिबागला नेली. 1904 पासून तिथल्या नोंदी आहेत. ज्या दगडात चुंबकत्व नाही असा पोरबंदरचा दगड त्या इमारतीसाठी वापरला. अलिबागच्या काट्यात जी संथ, वर्षानुवर्षांची हालचाल दिसते, तिचं मूळ या ढवळणाऱ्या गाभ्यात आहे.

आतल्या घन गाभ्याची तऱ्हा आणखी वेगळी. भूकंपाच्या लहरी सांगतात की तो घन असूनही अपेक्षेपेक्षा मऊ आहे. 2022 मध्ये चीनचे यू ही आणि सहकाऱ्यांनी संगणकावर गणित करून दाखवलं की त्या तापमानाला लोखंडाचे अणू आपापल्या जागी रचलेले राहतात, पण हायड्रोजन त्यांच्यामधून द्रवासारखा वाहतो. संत्र्यांची रास जागच्या जागी आणि बोरं मात्र फटीफटींतून धावत आहेत, असं ते चित्र. दाब फार चढवला तर लोखंड एकाऐवजी दोन, तीन, पाच हायड्रोजनही सामावून घेतं हे फ्रान्समधल्या प्रयोगांनी दाखवलं आहे. एका लोखंडामागे पाच हायड्रोजन असलेलं संयुग हवेच्या सुमारे 13 लाख पट दाबावर तयार झालं, आणि तेवढाच दाब गाभ्याच्या सीमेवर आहे.

आणि मंगळाकडे पाहिलं की हे सगळं किती नाजूक आहे ते कळतं. मंगळालाही एकेकाळी चुंबकत्व होतं, सुमारे 400 कोटी वर्षांपूर्वी ते गेलं. टोकियोच्याच संशोधकांनी 2022 मध्ये याचा एक खुलासा सुचवला. मंगळाच्या गाभ्यात गंधक पुष्कळ. लोखंड, गंधक आणि हायड्रोजनचं द्रव मिश्रण निवताना तेल-पाण्यासारखं दोन भागांत फुटतं. हलका भाग वर, जड खाली, आणि ढवळणं बंद. चुंबकाचं कवच गेल्यावर सूर्याच्या वाऱ्यानं हवा ओढून नेली. पृथ्वीचा गाभा ढवळत राहिला, म्हणून आपल्या बोडीत आज पाणी आहे.

मित्रहो, गुरुजींच्या पेल्यातला प्रश्न मी इथवर आणला. खिळ्यांवरून निघालेला सगळा वायू वर येत नाही, काही आत शिरतो, हे जॉन्सननी तार तोडून दाखवलं. पृथ्वीच्या बाबतीत तर वर आला तोच थोडा. गुरुजी आज असते, तर हा हिशेब त्यांनी फळ्यावर पुन्हा मांडायला लावला असता आणि 37 कशावरून, 73 कशावरून, असं विचारलं असतं.

शाळेतल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी हा प्रयोग कराल, तेव्हा पेल्यात एक पोलादी तारही सोडा. मुलांना दूर बसवून, स्वतः चिमट्यानं ती काढा, पाण्यात धुवा आणि सर्वांसमोर वाकवा. ती तुटली तर तिचं टोक भिंगाखाली ओलं करून मुलांना दाखवा. बुडबुडे दिसले की मगच प्रश्न विचारा, आणि उत्तर लगेच सांगू नका.